घट्ट पाणी

संघमित्राबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकते, ती शूर वगैरे अजिबात नव्हती. परदेशात नर्स म्हणून गेलेल्या मुलींबद्दल लोक जिद्द, धाडस असं काहीबाही बोलतात. मी तिच्याबरोबर धुळ्याला नर्सिंगची साडेतीन वर्षं एका खोलीत काढली आहेत. मोठे डॉक्टर राउंडला आले की ही बाई माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. मी तेव्हाही अंगाने भरलेली, त्यामुळे तिची चांगली सोय व्हायची.

तशा आम्ही सगळ्याच त्यातल्या. डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, आपण होऊन तोंड उघडायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण शिकलो मात्र पक्कं. डॉक्टरांचं पटलं नाही तर गप्प बसायचं, आणि अगदीच राहवलं नाही तर त्यांची पाठ वळली की आपल्याला हवं ते गुपचूप करून टाकायचं. उपाशी ठेवलेल्या पेशंटला दोन घास चारायचे, पाणी बंद असलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा. त्याला आम्ही माया म्हणायचो आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. निदान मला तरी होता.

मी कहकशा. पारोळ्याला एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे, माझं सासर इथलंच. संघमित्राचं माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे. तिचे वडील देवचंद नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि तिची आई कलाबाई, जिला मी अक्का म्हणते, ती आयुष्यभर नानांवर खेकसत आली. नानांनी तिला उलटून उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही.

या घराची एक गोष्ट कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नानांच्या वडिलांना गावातल्या विहिरीला हात लावू देत नसत. रिकामी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं. कोणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतणार, मग आधी ओंजळ धरून प्यायचं आणि उरलेलं घागरीत. कधी कधी त्यात अर्धा दिवस जायचा. नाना हे सगळं हसत सांगायचे, आणि ते हसत सांगायचे म्हणूनच ऐकवत नसे. नोकरी लागल्यापासून दर उन्हाळ्यात धुळे रस्त्यावर नानांची पाणपोई असे. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, ओतत राहायचं. घरात नियम एकच होता, पाणी मागणाऱ्याला ‘थांब’ म्हणायचं नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चपला काढायच्या आत माझ्या हातात पाण्याचा तांब्या आला होता.

तर अशा घरातली मुलगी. जळगावला चार वर्षं नोकरी केली, इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली आणि इंग्लंडला गेली. तिथे गेल्यावरही लगेच नर्स होता येत नाही. आपल्याकडे हजारो सुया टोचलेल्या बाईलाही तिथे परत एक परीक्षा द्यावी लागते. त्यात खाटेवर एक बाहुला झोपवलेला असतो. त्याला हात लावण्याआधी विचारायचं, ‘आजोबा, मी तुमचा रक्तदाब बघू का? तुमची हरकत नाही ना?’ न विचारता हात लावला की मार्क गेले. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी म्हटलं, “बाहुला नाही म्हणाला तर?” ती म्हणाली, “तर मग नाही मोजायचा.” ते आम्हाला फारच विनोदी वाटलं होतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग तिच्यात काहीतरी बिघडलं. व्हिडिओवर बोलताना मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला की तिचं बोलणं थांबायचं. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. एकदा मला जरा ठसका लागला तर तिने विचारलं, “ओला होता की कोरडा?” मी म्हटलं, “काय ओला?” “खोकला.” मी चेष्टा केली, की बाई तू आता माझीही ड्यूटी करायला लागलीस. तिला हसू आलं नाही. लग्नाचं विचारलं तर तिने फोनच ठेवला. तिकडे कोणीतरी तिला फसवलं असणार, असा मी माझ्या हुशारीने निष्कर्ष काढला आणि अक्कालाही तसं सुचवून ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नानांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. धुळ्याच्या दवाखान्यात नाकातून अन्नाची नळी घातली होती, ती त्यांनी दोनदा उपसून काढली. शेवटी घरी आणलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संघमित्रा दोन महिन्यांची रजा घेऊन आली, आणि आल्या दिवशी तिने पहिलं काय केलं, तर नानांच्या उशाचा तांब्या उचलून बाहेर नेला.

तिने त्यांना चमच्याने थेंबभर पाणी देऊन पाहिलं, गळ्यावर बोटं ठेवून गिळताना काय होतं ते तपासलं, मग बोलायला लावलं. आवाज घोगरा, पाण्यात भिजल्यासारखा आला. झटक्यानंतर गिळायच्या नसा सैल पडतात, पातळ पाणी घशातून घसरून छातीत उतरतं आणि मग निमोनिया होतो, हे तिने आम्हाला समजावून सांगितलं. तिकडून तिने एक पावडर आणली होती. ती घातली की पाणी मधाइतकं घट्ट होतं आणि हळूहळू खाली जातं. नानांना आता फक्त तेच द्यायचं. भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, ‘साधं पाणी देऊ नये.’

ज्या घरात ‘थांब’ म्हणायचं नाही, त्या घराच्या भिंतीवर हा कागद.

नानांनी पहिला चमचा तोंडात घेतला, जिभेवर घोळवला आणि ओठाच्या कडेने बाहेर सोडून दिला. “हाई पानी नही शे,” ते म्हणाले. त्यानंतर तो चमचा दिसला की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. अंगातलं पाणी टिकावं म्हणून मी रोज दुपारी ड्यूटी संपवून सलाईन लावायला जायचे. सलाईनने माणूस जगतो, तहान जात नाही. नाना सुकलेल्या जिभेने एकच म्हणत राहायचे, “माले पानी दे वं माय.” कोण आलं आहे हे न बघता, येईल त्या प्रत्येकीला. मलाही.

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. भेटायला येणारे दारातच पाणी पिऊन आत यायचे आणि नानांचं ते मागणं ऐकून अवघडून बसायचे. गल्लीत बोलणं सुरू झालंच, पोरगी विलायतेहून आली आणि बापाला तहानेने मारते आहे. अक्का तर तोंडावर बोलायची. “गावले पानी पाजं त्या मानूसनी, आन् त्यालेच आते घोटभर भेटत नही! तुनं तठलं शिक्षन तठेच ठेव.” संघमित्रा खाटेजवळ स्टुलावर बसून राहायची. आईवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून जेवायलाही उठायची नाही.

आणि ती ऐकत राहायची. हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. नाना शांत झोपलेले असायचे, घरात चिटपाखरू नसायचं, आणि ही एकदम मान वर करायची. “कोण खोकलं?” “कोणी नाही गं.” “ओला होता.” एकदा शेजारणीला नानांजवळ बसवून आम्ही दोघी बसस्टँडवर औषधं आणायला गेलो होतो. भर दुपारी, गर्दीत, ती चालता चालता थांबली आणि मागे वळून माणसांचे चेहरे शोधायला लागली. मी हात धरून ओढलं तर हात बर्फगार. त्या उन्हात! मला तेव्हा पहिल्यांदा तिची भीती वाटली. तिच्यासाठी नाही, तिची.

मी त्याच दिवशी तिला घरामागे धुण्याच्या दगडावर बसवलं आणि म्हटलं, “बोल. नाहीतर मी उद्यापासून यायची नाही.” तिने सांगितलं.

तिच्या वॉर्डात पिअर्सन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, म्हणून तिचा जीव त्यांच्यावर जरा जास्त. त्यांनाही झटकाच आला होता. उशाशी पाटी, साधं पाणी नाही. बोलता येत नव्हतं, पण डोकं अगदी शाबूत. एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्याने जगमधून ग्लासात पाणी ओतलं. त्या आवाजाने पिअर्सन जागे झाले, हिच्याकडे वळले आणि चालत होता तो एक हात त्यांनी पुढे केला. हाताची अर्धी ओंजळ केलेली.

“तसाच हात, कहकशा,” ती म्हणाली. “नाना करून दाखवायचे ना, आजोबांचा. तसाच. मला थांब म्हणवलंच नाही.”

तिने पडदा ओढून घेतला आणि चार चमचे साधं पाणी दिलं. ते डोळे मिटून प्यायले. मग खोकले. ओला, खोलवरून आलेला खोकला. तिने पाठ चोळली, तोंड पुसलं आणि वहीत लिहिलं, ‘तोंडावाटे काही दिलं नाही.’ तिसऱ्या दिवशी ताप चढला. सहाव्या दिवशी ते गेले. त्यांच्या मुलीने हिला कार्ड पाठवलं, माझ्या वडिलांशी तुम्ही फार मायेने वागलात, म्हणून.

“कोणाला कळलं?”

“कोणालाच नाही.”

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, “मग झालं तर. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घातलंस, पाप नाही केलंस. आणि तो त्या पाण्यानेच गेला कशावरून?”

“ते कळणारच नाही आता. मी लिहिलंच नाही ना.” मग तिने पुढचं सांगितलं, जे तिला खरं खात होतं. महिन्याभराने तसाच दुसरा पेशंट आला. तोही पाणी मागत होता. एका साध्या नर्सने, कालच्या पोरीने, राउंडमध्ये डॉक्टरांना विचारलं, याला इतकं हवं आहे तर द्यायचं का? डॉक्टर खाटेशी बसले. पेशंटला म्हणाले, हे छातीत जाऊ शकतं, यातून तुम्ही मरू शकता, तरी हवं का? त्याने मान हलवली. त्यांनी तसं लिहून ठेवलं आणि त्याला रोज पाणी मिळालं. उघड, मुलाबाळांसमोर.

“नुसतं विचारायचं होतं,” संघमित्रा म्हणाली. “डॉक्टरांनाही आणि पिअर्सनना पण. मी बाहुल्याला विचारलं होतं, आणि त्या माणसाला विचारलं नाही.”

मी तिला समजवायला म्हणून म्हटलं, “अगं, आपण सगळ्याच असं देत आलोय. मी किती जणांना दिलं असेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “त्यातले किती जण खोकले?”

मला आठवेना. मग एकेक आठवायला लागले. रावेरकडचे एक केळीवाले आबा. चाळीसगावची एक म्हातारी, माझा हात धरून प्यायली होती. तिला नंतर ताप आला होता का? आला होता. आम्ही म्हटलं होतं, वयच झालं. मी तिथून उठले, घरी गेले आणि दोन दिवस संघमित्राकडे फिरकले नाही. सलाईन लावायला दवाखान्यातल्या दुसऱ्या मुलीला पाठवलं. राग आला होता मला, तिचाच. माझं चांगलं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी गेले तर अक्का दारात रडत बसलेली आणि संघमित्रा आत नानांच्या खाटेवर, अगदी त्यांच्या तोंडाशी. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरं झालं आलीस. साक्षीला थांब.” भिंतीवरचा कागद तिने काढला होता.

ती नानांशी त्यांच्या बोलीत बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द. “नाना, हाई पानी छातीमा जाई शकस. मंग ताप येस, निमोनिया व्हस. त्यामा मानूस मरस. समजनं का?”

नानांनी मान हलवली.

“मी तठे एकले असंच पानी दिधं. त्याले सांगं नही, इचारं नही. तो मरी गया.”

बाहेर अक्काचं रडणं थांबलं. नाना लेकीकडे बघत राहिले. त्यांचा एक डोळा नीट मिटत नव्हता, त्यातून पाणी गळायचं, त्यामुळे ते रडत होते का हे सांगता येणार नाही. मग जड जिभेने त्यांनी विचारलं, “त्यानी मांगं व्हतं का?”

“हां.”

“कितलं दिधं?”

“चार चमचा.”

“चारच?” नाना म्हणाले.

मी शपथेवर सांगते, त्यांच्या आवाजात नाराजी होती. चाळीस उन्हाळे पाणपोईवर ओगराळ्याने ओतलेल्या माणसाची नाराजी. संघमित्राला हुंदका फुटला. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. नाना म्हणाले, “माले गिलासभर दे. तुना हातवरी.”

तिने त्यांना टेकवून ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवली आणि ग्लास लावला. पहिला घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ते खोकले. तोच तो, खोल, ओला. संघमित्राने ग्लास मागे ओढला आणि पाणी नानांच्या सदऱ्यावर सांडलं. मला वाटलं, आता ही ग्लास खाली ठेवणार. नानांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, दम घेतला आणि म्हणाले, “आखो.”

तिने आणखी दिलं. अर्धा तास लागला त्या ग्लासाला. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नंतर संघमित्राने वहीत तारीख घातली, काय विचारलं आणि नाना काय म्हणाले ते लिहिलं, आणि खाली माझी सही घेतली. तेव्हापासून नाना मागतील तेव्हा पाणी प्यायले. पाचव्या दिवशी ताप भरला, अकराव्या दिवशी ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला संघमित्रा सांगायची, “मी पाणी दिलं, ते छातीत उतरलं, त्यातून नाना गेले.” माणसं दचकायची. बुद्धवंदनेला आलेल्या वडीलधाऱ्यांनाही तिने तेच सांगितलं. अक्का म्हणायची, “गप ऱ्हाय वं, कोनी इचारं का तुले?” ती गप्प राहिली नाही. पुढच्या माणसाला पुन्हा तेच, तितक्याच सावकाश. मला वाटलं, आता हिचं मन हलकं होईल आणि हे सगळं मिटेल.

परत इंग्लंडला जाण्याआधी तिने दोन पत्रं पाठवली. एक तिच्या हॉस्पिटलला. त्यांनी चौकशी लावली आहे आणि ती संपेपर्यंत तिला पेशंटला हात लावायला मनाई आहे. नोकरी राहील की नाही, नर्स म्हणून नाव राहील की नाही, अजून माहीत नाही. दुसरं पिअर्सनांच्या मुलीला. मी दुसऱ्या पत्राला विरोध केला होता. पण ते पाठवलं नसतं तर तिला ते अर्धवट सांगणं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात मी दुपारच्या ड्यूटीवर असताना तिचा फोन आला. त्या मुलीचं उत्तर आलं होतं, तीन वाक्यांचं. संघमित्राने मला ते मराठीत करून वाचून दाखवलं. ‘माझे वडील शांतपणे गेले असं मी तीन वर्षं समजत होते. आता मला रोज त्यांचा खोकला ऐकू येतो. हे तुम्ही मला का सांगितलंत?’

“काय उत्तर देऊ, कहकशा?” तिने विचारलं.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. हेच तर मलाही तिला विचारायचं होतं, त्या धुण्याच्या दगडावर बसल्या दिवसापासून. तेवढ्यात माझ्या मागे वॉर्डात कोणीतरी पाणी पिऊन खोकलं. कोरडा होता की ओला, मला कळलं नाही, आणि मी फोन तसाच चालू ठेवून धावले.